पात्रता पद्धत बदलली की उठणारा गदारोळ कसा वाचावा

अमेरिकेतील नॅस्कार कप या मोटार शर्यतींच्या मालिकेत पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, कोणाला मिळावा आणि त्यामागे बाकीच्या गाड्या कोणत्या क्रमाने उभ्या राहाव्यात, हे ठरवण्याची पद्धत 2014 पासून इतक्या वेळा बदलली आहे की मुरलेल्या प्रेक्षकालाही हंगामाच्या सुरुवातीला नियम पुन्हा वाचून घ्यावा लागतो. प्रत्येक बदलानंतर गदारोळ ठरलेला असतो. खेळाचा कणा मोडला असे काहींना वाटते, तर हे फार पूर्वीच व्हायला हवे होते असे इतरांना वाटते. स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या, शर्यती नव्याने पाहू लागलेल्या किंवा त्यांविषयी लिहू पाहणाऱ्या मराठी वाचकाने या गदारोळातून काय घ्यावे आणि काय सोडावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: दुखते कुठे हे प्रेक्षकांना बरोबर कळते, पण ते कशामुळे दुखते याचे निदान ते बहुतेक वेळा भलतेच करतात. त्यामुळे त्यांचा राग गंभीरपणे घ्यावा, मात्र त्यांनी सुचवलेला उपाय तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

नियम स्वतः वाचावा

प्रतिक्रिया वाचायला बसण्यापूर्वी नियम आपल्या शब्दांत चार ओळींत लिहून काढावा. यात फक्त तीन गोष्टी लागतात: एका वेळी ट्रॅकवर किती गाड्या असतात, प्रत्येकीला किती लॅप (ट्रॅकचे पूर्ण वेढे) किंवा किती मिनिटे मिळतात, आणि एका फेरीतली वेळ पुढच्या फेरीत धरली जाते की पाटी कोरी होते.

जुनी पद्धत साधी होती. गाडी एकटी ट्रॅकवर उतरायची, एक किंवा दोन लॅप पूर्ण वेगाने घ्यायची आणि परत यायची. घड्याळ सांगेल तो क्रम. बिल एलियट यांनी 1987 मध्ये टॅलाडेगा येथे ताशी 212.809 मैल, म्हणजे सुमारे 342 किलोमीटर, हा अजूनही न मोडलेला पात्रतेचा विक्रम केला तो याच पद्धतीत. जानेवारी 2014 मध्ये नॅस्कारने गटाने धावण्याची बाद पद्धत जाहीर केली. सव्वा मैल किंवा त्याहून मोठ्या ट्रॅकवर तीन फेऱ्या ठेवल्या गेल्या: पहिली 25 मिनिटांची, तीतून 24 गाड्या पुढे, दुसरी 10 मिनिटांची, तीतून 12 पुढे, आणि शेवटची 5 मिनिटांची. लहान ट्रॅकवर 30 आणि 10 मिनिटांच्या दोनच फेऱ्या होत्या. डेटोना 500 या प्रतिष्ठेच्या शर्यतीला त्या वर्षी वगळले होते.

हा फरक महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा एकटा धावतो आणि सेकंदांवर निकाल लागतो. सातारा-सांगलीकडे मात्र गाड्या शेजारी शेजारी सुटतात, आधी गट, मग सेमी फायनल, मग फायनल. दोन्ही ठिकाणची गर्दी तितकीच मनापासून येते, पण ती वेगवेगळ्या गोष्टी पाहायला येते. नॅस्कारने 2014 मध्ये घाटाच्या प्रेक्षकाला गटाच्या मैदानात आणून बसवले.

त्या वेळी स्वागत बऱ्यापैकी उत्साहाने झाले. फिनिक्स येथे या पद्धतीची पहिली पात्रता झाली आणि ब्रॅड केसेलोव्स्की यांनी पोल मिळवला. ट्रॅकवर एकाच वेळी अनेक गाड्या, शेवटच्या मिनिटाला यादीत होणारी उलथापालथ आणि टीव्हीवर धावणारे घड्याळ हे सगळे नवे होते. चाळीसेक गाड्या एकामागून एक पाहण्यात जाणारा वेळही वाचत होता. ही 2014 मधली पसंती लक्षात ठेवावी, कारण पुढे याच पद्धतीची हुर्यो उडाली.

क्रू चीफच्या जागी बसून मिनिटांचा हिशेब करावा

क्रू चीफ म्हणजे गाडीचे डावपेच ठरवणारा संघप्रमुख. माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाची पायरी हीच आहे, आणि प्रतिक्रिया देणारे बहुतेक जण ती गाळतात. कोणतीही पात्रता पद्धत वाचताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: घड्याळात पाच मिनिटे शिल्लक आहेत आणि मला फक्त माझ्या गाडीचे हित पाहायचे आहे, तर मी काय करीन? या प्रश्नाचे उत्तर ‘ताबडतोब ट्रॅकवर जाईन’ असे येत असेल, तर पद्धत तरेल. उत्तर ‘थांबेन आणि दुसऱ्याला आधी जाऊ देईन’ असे येत असेल, तर प्रेक्षक आज कितीही खूश असले तरी एक दिवस ते चिडणार आहेत.

मार्च 2019 मध्ये कॅलिफोर्नियातील फॉन्टाना येथे हेच घडले. त्या हंगामात मोठ्या ट्रॅकसाठी नवे तांत्रिक नियम आले होते: इंजिनाची ताकद सुमारे 550 अश्वशक्तीपर्यंत खाली आणली होती आणि मागे 8 इंच उंचीचा मोठा स्पॉयलर, म्हणजे हवा अडवणारी पट्टी, बसवला होता. अशा गाडीला हवेचा अडथळा जास्त आणि तो भेदायची ताकद कमी. त्यामुळे पुढे दुसरी गाडी असली की तिच्या मागच्या विरळ हवेत शिरून, म्हणजे ड्राफ्ट घेऊन, लॅपचा वेळ लक्षणीय घटतो. साहजिकच पहिला निघणारा सगळ्यात तोट्यात. शेवटच्या फेरीत बाराही गाड्या पिट रोडवर, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्याच्या रस्त्यावर, इंजिन चालू ठेवून उभ्या राहिल्या. प्रत्येक जण दुसरा निघण्याची वाट पाहत होता. अखेर सगळ्या एकदम निघाल्या तेव्हा उशीर झाला होता, आणि घड्याळ शून्यावर येण्यापूर्वी एकही गाडी वेळेचा लॅप सुरू करू शकली नाही. दुसऱ्या फेरीत सर्वांत वेगवान असलेल्या ऑस्टिन डिलन यांना पोल देण्यात आला आणि स्टँडमधून प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

त्या प्रसंगी बहुतेक रोष चालकांवर आणि संघांवर निघाला: यांना लाज नाही, हे प्रेक्षकांचे पैसे बुडवतात. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. बारा हुशार संघांनी एकाच वेळी एकच ‘मूर्खपणा’ केला असेल, तर दोष त्यांच्या शहाणपणात शोधू नये, नियमाने दिलेल्या बक्षिसात शोधावा. नॅस्कारनेही आधी हाच गैरसमज करून घेतला असे दिसते, कारण पहिला उपाय शिक्षेचा होता: वेळेत रेषा न ओलांडणाऱ्याची वेळ रद्द आणि तो मागे. तरी काही दिवसांतच टेक्सास येथे गाड्या पुन्हा पिट रोडवर खोळंबल्या आणि चालकांमध्ये बाचाबाची झाली. मे 2019 मध्ये डोव्हरपासून सर्व ओव्हल, म्हणजे लंबगोल, ट्रॅकवर एकेरी गाडीची पद्धत परत आली. वळणावळणाच्या रोड कोर्सवर मात्र गटांची पद्धत कायम राहिली, कारण तिथे ड्राफ्टचे महत्त्व कमी असते आणि कोणाला थांबून राहण्यात फायदा नसतो.

मिनिटांच्या नियमाचे तत्त्व 2014 मध्ये आणि 2019 मध्ये एकच होते. बदलली होती गाडी. तेव्हा पद्धतीवर टीका वाचताना त्या हंगामातली गाडी कशी आहे हे आधी पाहावे. इंजिनाची ताकद, स्पॉयलरची उंची आणि ट्रॅकची लांबी या तीन गोष्टी माहीत असल्या तर कोणत्या ट्रॅकवर प्रेक्षक खवळतील याचा अंदाज शर्यतीच्या आठवडाभर आधी बांधता येतो.

राग नेमका कशावर आहे ते वेगळे काढावे

नवी पद्धत आली की त्या सुमारास बिघडलेली प्रत्येक गोष्ट तिच्या खात्यावर टाकली जाते. ही खाती वेगळी करण्याची सवय लावून घ्यावी. तीन जुनी उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण 2014 च्या सुरुवातीचे. दोन वेगवान लॅपच्या मध्ये इंजिन थंड करण्यासाठी बाहेरचे शीतक यंत्र जोडायला बंदी होती, म्हणून चालक ट्रॅकच्या खालच्या कडेने अगदी सावकाश फिरत राहायचे. त्यांच्या बाजूने दुसऱ्या गाड्या पूर्ण वेगाने जायच्या. चालकांनी आणि प्रेक्षकांनी पद्धत धोकादायक असल्याचे म्हटले. धोका खरा होता, पण तो एका पोटनियमातला होता. लास व्हेगासच्या शर्यतीनंतर नॅस्कारने शीतक यंत्राला परवानगी दिली, ट्रॅकवर सावकाश फिरणे बंद केले आणि तो आक्षेप विरून गेला.

दुसरे उदाहरण डेटोनाचे. फेब्रुवारी 2015 मध्ये डेटोना 500 साठीही गटांची पद्धत लावली गेली. तिथे ड्राफ्टशिवाय काही चालत नाही, त्यामुळे संघ आधी पिट रोडवर थांबले आणि मग घोळक्याने निघाले. पहिल्याच फेरीत रीड सोरेन्सन आणि क्लिंट बॉयर यांच्या गाड्यांची टक्कर होऊन आणखी काही गाड्या मोडल्या, आणि बॉयर यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर नॅस्कारचा खरपूस समाचार घेतला. पोल जेफ गॉर्डन यांना मिळाला, पण चर्चा मोडलेल्या गाड्यांचीच झाली. इथे मात्र खापर पद्धतीवरच फोडायला हवे होते आणि प्रेक्षकांनी ते बरोबर फोडले. डेटोना आणि टॅलाडेगा येथे त्याच वर्षी एकेरी पद्धत परत आली. खरे तर फॉन्टानाचा इशारा चार वर्षे आधी इथेच मिळाला होता. मोठ्या ट्रॅकवरच्या गाड्याही एक दिवस ड्राफ्टवर अवलंबून होतील, असा विचार तेव्हा झाला नाही.

तिसरे उदाहरण अटलांटाचे, मार्च 2015 मधले. तांत्रिक तपासणीतून वेळेत सुटका न झाल्यामुळे 13 गाड्या पात्रतेत उतरूच शकल्या नाहीत, आणि त्यांत जेफ गॉर्डन, जिमी जॉन्सन व टोनी स्टुअर्ट यांसारखी मोठी नावे होती. आपला आवडता चालक पाहायला तिकीट काढून आलेल्या माणसाचा संताप समजण्यासारखा आहे, पण तो तपासणीच्या रांगेवरचा संताप होता. पात्रतेची पद्धत कोणतीही असती तरी तेच झाले असते. जॉन्सन त्या रविवारी 37 व्या जागेवरून निघाले आणि शर्यत जिंकले. ‘पात्रता फेरीला अर्थच काय’ असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण नेहमी हाताशी लागते. ते पूर्ण चुकीचे नाही, पण त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते: पात्रतेच्या क्रमाने पिट रोडवरची आपली जागाही निवडता येते. बाहेर पडण्याच्या टोकाची पहिली जागा मिळाली तर पुढे दुसऱ्याची गाडी आडवी येत नाही आणि प्रत्येक थांब्यावर काही क्षण वाचतात. सुरुवातीचा क्रम शंभर लॅपमध्ये पुसला जातो, तर पिटची जागा शेवटच्या लॅपपर्यंत उपयोगी पडते. प्रेक्षकांच्या वादात ही बाब जवळजवळ येतच नाही, आणि क्रू चीफ मात्र तीच आधी पाहतो.

बोलणारा कुठे बसला आहे

एकाच फेरीविषयी स्टँडमधला माणूस आणि घरी टीव्हीसमोर बसलेला माणूस उलट मते देतात, आणि दोघेही प्रामाणिक असतात. एकेरी पद्धतीत स्टँडवरच्या प्रेक्षकाला आपल्या चालकाची गाडी निर्विवादपणे, एकटी, पूर्ण लॅप दिसते. इंजिनाचा आवाज इतर कशात मिसळत नाही. टीव्हीवर हेच दृश्य चाळीस वेळा पाहणे कंटाळवाणे होते. गटांच्या पद्धतीत टीव्हीवर घड्याळ, यादी आणि बाद होण्याची रेषा सतत दिसते, पण मैदानातल्या माणसाला कोण कितव्या लॅपवर आहे हे कळेनासे होते. म्हणून प्रतिक्रिया वाचताना बोलणारा मैदानात होता की घरी, हे शोधावे. ते कळत नसेल तर ती प्रतिक्रिया बाजूला ठेवलेली बरी.

संख्यांच्या बाबतीत जपून असावे. नॅस्कारची स्वतःची चाहत्यांची परिषद आहे आणि तिच्यामार्फत मते मागवली जातात; पत्रकार जेफ ग्लक प्रत्येक शर्यतीनंतर ‘शर्यत चांगली झाली का’ असा कौल घेतात आणि तो बराच उद्धृत होतो. पण तो शर्यतीविषयीचा कौल असतो. त्याची टक्केवारी पात्रता पद्धतीच्या बाजूने किंवा विरोधात पुरावा म्हणून वापरू नये, कारण पद्धत उत्तम असूनही शर्यत रटाळ होऊ शकते, आणि उलटही घडते.

भारतातून पाहणाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिथली दुपारची पात्रता इथे मध्यरात्रीच्या आसपास होते. साहजिकच आपल्यापैकी बरेच जण सकाळी केवळ निकालाचा तक्ता पाहतात, आणि तक्त्यात हुर्यो ऐकू येत नाही. फॉन्टानाच्या तक्त्यात डिलन पहिले आहेत एवढेच दिसते. शेवटच्या फेरीच्या रकान्यात बाराही जागा रिकाम्या आहेत हे पाहणाऱ्यालाच काही तरी विपरीत घडल्याचे समजते. म्हणून नुसता क्रम पाहू नये, फेरीनिहाय वेळा पाहाव्यात.

मागितलेले मिळाल्यावर काय झाले

2019 मध्ये एकेरी पद्धत परत आल्यावर काही आठवड्यांतच ती कंटाळवाणी असल्याची तक्रार सुरू झाली. त्यावरून प्रेक्षकांना चंचल म्हणण्याची फॅशन आहे. मी तसे म्हणणार नाही. फॉन्टानातील प्रेक्षकाने एकेरी पद्धत मागितली नव्हती. त्याला गाड्या धावताना पाहायच्या होत्या. ‘पुन्हा जुने आणा’ हा त्याच्या तोंडून निघालेला उपाय होता, आणि नॅस्कारने रागाऐवजी उपाय ऐकला.

पुढे 2020 मध्ये साथीमुळे बहुतेक शर्यतींना सराव आणि पात्रता दोन्ही बंद झाल्या. आधी सोडत काढून आणि नंतर सूत्राने क्रम ठरू लागला: निम्मा भार मागच्या शर्यतीतल्या स्थानाला, 35 टक्के मालकांच्या गुणतालिकेला, 15 टक्के सर्वांत वेगवान लॅपला. ज्यांची गाडी आधीच वेगवान त्यांनाच पुढची जागा, अशी ही व्यवस्था होती. पात्रता फेरी निरर्थक मानणाऱ्यांपैकी अनेकांना तिची किंमत तेव्हा कळली असावी. आजही पावसाने पात्रता वाहून गेली की सूत्र वापरावे लागते आणि तीच कुरबुर पुन्हा ऐकू येते.

नेक्स्ट जेन या नव्या रचनेच्या गाडीबरोबर 2022 मध्ये जी पद्धत आली तिला दोन्ही जुन्या पद्धतींचा मेळ म्हणता येईल: बहुतेक ओव्हलवर अ आणि ब असे दोन गट, प्रत्येक गाडी एकटीच धावणार, दोन्ही गटांतून पाच-पाच जण अंतिम फेरीत, आणि पोलचा निर्णय त्या दहांत. वर सांगितलेला हिशेब इथे लावून पाहावा. थांबून राहण्यात फायदा उरत नाही, आणि अंतिम फेरीची चुरसही राहते. तरी एक प्रश्न उरतो, तो हवामानाचा. डांबर तापले की टायरची पकड घटते आणि ढग आला की सुधारते, त्यामुळे कोणत्या गटात नाव लागले यावरही काही अवलंबून राहते. ही तक्रार करणाऱ्या चाहत्याचे म्हणणे रडगाणे म्हणून उडवून लावू नये. ट्रॅकचे तापमान आणि त्या गटातल्या वेळा शेजारी ठेवून ती पडताळता येते. 2025 मध्ये बहुतेक ओव्हलवरून अंतिम फेरी काढून टाकली गेली आणि पुन्हा एकाच फेरीवर सगळे ठरू लागले. मला व्यक्तिशः दहा जणांची फेरी आवडत असे. पहिल्या लॅपवर टायर जपून दुसऱ्यावर सर्वस्व लावण्याचा डाव तिच्यात पाहायला मिळे.

निष्कर्ष काढण्याची वेळ

पहिल्या आठवड्यातल्या प्रतिक्रिया वाचाव्यात, पण त्यांवरून पद्धतीचे भवितव्य ठरवू नये. एक लहान ट्रॅक, एक दीड मैलाचा ओव्हल, एक सुपरस्पीडवे (डेटोना किंवा टॅलाडेगासारखा अतिवेगवान ट्रॅक) आणि एक रोड कोर्स, एवढे चार प्रकार होऊ द्यावेत. 2014 ची पद्धत फिनिक्सला चांगली दिसली आणि डेटोनाला कोसळली, हे चार प्रकार पाहिल्याशिवाय कळले नसते. याला एक अपवाद आहे. घड्याळ चालू असताना ट्रॅक रिकामा दिसला, तर वाट पाहायची गरज नाही. फॉर्म्युला वनने 2016 मध्ये दर नव्वद सेकंदांनी एकेकाला बाद करण्याची पद्धत आणली होती. मेलबर्नला पोल ठरण्याच्या शेवटच्या मिनिटांत ट्रॅकवर गाडीच नव्हती, आणि बहारीननंतर ती पद्धत रद्द झाली. दोन शर्यती पुरेशा ठरल्या.

डेटोना 500 चा हिशेब नेहमी वेगळा ठेवावा. तिथे एकेरी पात्रतेतून फक्त पहिली रांग ठरते आणि बाकीची मांडणी गुरुवारच्या ‘ड्युएल’ नावाच्या दोन पूर्व-शर्यतींतून होते. 36 चार्टरधारक, म्हणजे प्रत्येक शर्यतीत प्रवेशाचा हक्क असलेल्या, गाड्यांची जागा आधीच पक्की असते, म्हणून तिथली खरी धडधड उरलेल्या मोजक्या जागांसाठी झगडणाऱ्या संघांची असते. 2025 मध्ये मोठ्या नावाच्या पाहुण्या चालकासाठी एक जादा राखीव जागा देण्याचा नियम आला, आणि इंडियानापोलिस 500 चार वेळा जिंकलेले एलिओ कास्ट्रोनेव्हेस ड्युएलमध्ये अपघात होऊनही 41 व्या क्रमांकावरून सुरुवात करू शकले. त्या नियमावरचा वाद वाचताना ‘वेग मोजण्याची पद्धत’ आणि ‘जागा वाटण्याची पद्धत’ यांत गल्लत होऊ देऊ नये. डेटोनात लोक बहुधा दुसऱ्या गोष्टीवर चिडलेले असतात.